चोच कोणत्याही पक्ष्याने वाढवली नाही

उत्क्रांतीविषयी बोलताना 'साठी' हे शब्दयोगी अव्यय फार सहज तोंडी येते. उंच फांदीवरची पाने खाता यावीत यासाठी जिराफाची मान लांब झाली, शत्रूला दिसू नये यासाठी किड्याने पानाचा रंग घेतला, अशी वाक्ये मीही बराच काळ वापरत आलो. व्याकरणाच्या दृष्टीने ती निर्दोष आहेत, पण गरज आधी आणि बदल नंतर असे सुचवून ती नैसर्गिक निवडीचा सारा क्रम उलटा करतात. प्रत्यक्षात फरक आधीपासून असतात. परिस्थिती त्यांची छाननी मागाहून करते.

हा क्रम सर्वांत स्पष्ट दिसतो तो प्रशांत महासागरातील गालापागोस द्वीपसमूहामधील डॅफ्नी मेजर या चिमुकल्या बेटावर. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या जीवशास्त्रज्ञ दांपत्याने १९७३ पासून तेथील फिंच पक्षी पकडून, त्यांच्या पायांत ओळखीची कडी घालून, चोचींची मापे घेतली. १९७७ साली पाऊस जवळजवळ पडलाच नाही. मऊ, बारीक बिया पक्ष्यांनी लवकरच संपवल्या आणि मागे उरली ती मुख्यतः सराट्याच्या कुळातील एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे. ते फळ चोचीत धरून, दाबून, पिळून फोडावे लागते, तेव्हा कोठे आतली बी हाती लागते. जाड चोचीच्या पक्ष्यांना हे साधले. ज्यांची चोच मिलिमीटरच्या अंशाने बारीक होती, त्यांपैकी बहुतेक उपाशी मेले. भू-फिंचच्या एका जातीचे सुमारे ८५ टक्के पक्षी त्या दुष्काळात नाहीसे झाले.

जगलेल्यांच्या चोचीची सरासरी जाडी आधीच्या सरासरीहून सुमारे अर्ध्या मिलिमीटरने अधिक भरली. मात्र एकाही पक्ष्याची चोच भुकेपोटी वाढली नव्हती. बदलली ती सरासरी, आणि तीही मरणाऱ्यांच्या वजाबाकीने. एवढ्यावर भागले असते तर तिला उत्क्रांती म्हणता आले नसते. परंतु चोचीची जाडी बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्यामुळे पुढची पिल्लेही आधीच्या पिढीच्या मानाने जाड चोचीची निपजली. वैविध्य, आनुवंशिकता आणि जगण्या-प्रजननातील तफावत या तीन गोष्टी एकत्र आल्या की नैसर्गिक निवड घडते; तिला कोणाच्या इच्छेची जरुरी नसते.

हे फरक मुळात येतात कोठून, याचे समाधानकारक उत्तर डार्विनपाशी नव्हते. आज आपल्याला ठाऊक आहे की डीएनएची नक्कल होताना क्वचित चुका होतात, म्हणजेच उत्परिवर्तने घडतात, आणि लैंगिक प्रजननात जनुकांची नवनवी सरमिसळ होत राहते. उत्परिवर्तन जीवाची गरज पाहून होत नाही, म्हणून त्याला यादृच्छिक म्हणतात. पण त्यावरून 'उत्क्रांती म्हणजे निव्वळ योगायोग' असा निष्कर्ष काढला जातो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते, कारण डॅफ्नीवर कोण जगला आणि कोण मेला हे काही केवळ नशिबावर सोडलेले नव्हते.

'बलवान तोच टिकतो' हे वचनही तिथे टिकत नाही. १९८३ साली एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापल्यामुळे, त्याच बेटावर धो धो पाऊस झाला, वेलींनी जमीन झाकून टाकली आणि बारीक बियांचा सुकाळ झाला. त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत जगण्यात सरस ठरले ते लहान चोचीचे पक्षी.