एक्स्पीडिअंट आणि एक्स्पीडिशस

धारवाडच्या उच्च न्यायालयात मी वकिली करतो. २००८ साली तिथे फिरतं पीठ आलं आणि आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या पक्षकारांची बंगळूरची खेप वाचली. पक्षकार माझ्याशी मराठीत बोलतो, त्याच्या शेताचा उतारा कन्नडमध्ये असतो आणि मी त्याचं म्हणणं इंग्रजीत मांडतो. या कामाला लागणारी शब्दांची पारख मला आपल्या शाळेनं दिली, हे या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आवर्जून लिहायचंय.

नववीत इंग्रजीच्या सरांनी ‘एक्स्पीडिअंट’ आणि ‘एक्स्पीडिशस’ हे शब्द एकाखाली एक लिहिले. अर्थ सांगण्याआधी फळ्यावर पायात दावं गुंतलेला बैल काढला. लॅटिनमध्ये पायाला ‘पेस’ म्हणतात. पाय गुंतवला की ‘इंपीड’, मोकळा केला की ‘एक्स्पिडाइट’. मग डस्टरच्या कोपऱ्यानं त्यांनी तेवढं दावं पुसलं, बैल तसाच ठेवला. आम्ही खेड्यातली पोरं. आणखी काही सांगावं लागलं नाही.

मूळ एकच, पण वाटा निराळ्या झाल्या. शेक्सपिअरच्या काळात ‘एक्स्पीडिअंट’चाही अर्थ झटपट असा होत असे, पुढे तो मागे पडला. आज ‘एक्स्पीडिशस’ म्हणजे विनाविलंब, आणि तेही काम नीट करून. ‘एक्स्पीडिअंट’ म्हणजे त्या वेळी सोयीचं. बोलण्यात त्याला बहुधा मतलबाचा वास येतो, कायद्यात येत नाही. राज्यघटनेच्या २४९व्या कलमात राष्ट्रहितासाठी ‘आवश्यक किंवा एक्स्पीडिअंट’ अशी शब्दयोजना आहे. तिथे अर्थ इष्ट, उचित.

पक्षकाराच्या दृष्टीनं हा फरक फार मोठा आहे. बांधाच्या वादात उमेद सरलेल्या म्हाताऱ्याला निकाल लवकर हवा असतो. त्याच्या अर्जात ‘एक्स्पीडिअंट’ सुनावणी मागितली, तर त्याची निकड कागदावर येतच नाही. सुनावणी सोयीची व्हावी, एवढंच येतं. ज्युनिअरांच्या मसुद्यात हे दिसलं की मी पान पुढे उलटत नाही, आधी पक्षकाराला नेमकं काय हवंय ते त्यांना मराठीत सांगायला लावतो.

शाळेतल्या आताच्या मुलामुलींपैकी कुणाला वकिलीकडे यायचं असेल, तर धारवाडला जरूर या. मसुदे घेऊन बसू.