सर्व्हरवरचा भार मोजताना

वडोदऱ्यात दांडिया बाजार परिसरातील एका मराठी ग्रंथालयाच्या संगणकांची देखभाल मी पाहतो. पुस्तकसूची, सभासदांच्या नोंदी आणि जुन्या ग्रंथांची स्कॅन केलेली पाने हे सारे तेथे एकाच लिनक्स सर्व्हरवर आहे. संध्याकाळी वाचकांची वर्दळ वाढली की सूचीतील शोध रखडत असे आणि प्रोसेसर बदलावा, असा सल्ला जो तो देत असे. पैसा सभासदांच्या वर्गणीतला असल्याने मोजमाप हाती आल्याशिवाय खरेदी करायची नाही, असे आम्ही ठरवले.

‘टॉप’ ही आज्ञा केवळ त्या क्षणाची स्थिती दाखवते. मला हवा होता तो मागच्या संध्याकाळचा हिशेब. म्हणून नोड एक्सपोर्टर, प्रोमिथियस आणि ग्राफाना ही मुक्त साधने निवडली. नोड एक्सपोर्टर लिनक्स कार्यप्रणालीच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, उघड केलेले आकडे वाचून ९१०० या पोर्टवर (नेटवर्कवरील क्रमांकित दारावर) मांडतो, प्रोमिथियस ते ठरावीक अंतराने गोळा करतो आणि ग्राफाना त्यांचे आलेख काढतो. हे पोर्ट मूळ मांडणीत पासवर्ड मागत नाही, त्यामुळे फायरवॉल लावून ते आतल्या नेटवर्कपुरतेच खुले ठेवले. प्रोमिथियस एरवी १५ दिवसांचीच माहिती साठवतो; महिनाअखेरीची कामे एकमेकांशी ताडून पाहता यावीत म्हणून ती मुदत वाढवली. मांडणीचा हा भाग सोपा होता.

खरा कस लागतो तो आकड्यांचा अर्थ लावताना. लिनक्समधील लोड अ‍ॅव्हरेज (प्रक्रियांची, म्हणजे चालू प्रोग्रॅम्सची, सरासरी संख्या) १, ५ आणि १५ मिनिटांचे असते, पण त्यात प्रोसेसर वापरणाऱ्या किंवा त्यासाठी रांगेत असलेल्या प्रक्रियांबरोबरच, बहुधा डिस्कच्या उत्तरासाठी, मध्येच थांबवता न येणाऱ्या प्रतीक्षेत अडकलेल्या प्रक्रियाही मोजल्या जातात. आमच्या चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामे करू शकणाऱ्या, यंत्रावर संध्याकाळच्या वेळी हा आकडा ८ पेक्षा जास्त होई आणि त्याच वेळी प्रोसेसरचा बराचसा वेळ डिस्कची वाट पाहण्यात रिकामा जाई. स्कॅन केलेल्या पानांचा बॅकअप नेमका वाचकांच्या वेळेत चालत होता, हे आलेखावर स्पष्ट दिसले. तो मध्यरात्रीनंतर नेल्यावर शोध पुन्हा सुरळीत झाला आणि प्रोसेसरचा खर्च टळला.

मेमरीबाबत कार्यकारिणीतील एका ज्येष्ठांना मोकळी जागा फारच थोडी दिसत असल्याची चिंता होती, आणि ती रास्त वाटावी असाच तो आकडा होता. लिनक्स न वापरलेली मेमरी फाइलींच्या कॅशसाठी (पुन्हा लागतील अशा फाइली हाताशी ठेवण्यासाठी) घेतो आणि गरज पडताच त्यातली बरीचशी परत देतो. म्हणून २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१४ आवृत्तीत आलेला ‘मेमअव्हेलेबल’, म्हणजे नव्या कामांना मिळू शकणाऱ्या मेमरीचा अंदाज, हाच आकडा पाहावा, असे मी त्यांना आलेखासह दाखवले. स्वॅपमध्ये (मेमरी अपुरी पडल्यास वापरल्या जाणाऱ्या डिस्कवरील जागेत) सतत ये-जा होत नसल्याचेही त्यांनी स्वतः पाहिले.

डिस्कसाठी मला नुसती टक्केवारी पुरेशी वाटत नाही. प्रत्येक पानाच्या छोट्या प्रतिमांमुळे जागा शिल्लक असतानाही आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे एक लागणाऱ्या नोंदी, संपू शकतात, म्हणून दोन्हींवर सूचना लावल्या आहेत. जागा भरण्याचा वेग पाहून पुढील चार दिवसांत डिस्क भरेल असे दिसले आणि ती स्थिती तासभर टिकली, तरच संदेश येतो. कोणती डिस्क, किती जागा उरली आणि प्रथम कोणता फोल्डर पाहावा, हे त्यात मराठीत लिहिलेले असते, म्हणजे मी गावाला गेलो असलो तरी ग्रंथपालबाईंना पुढचे पाऊल उचलता येते.