सोंडेखालची खाच

काकांनी सतरंजीची गाठ सोडली आणि पट्टी अलगद टेबलावर ठेवली. वाईतल्या त्यांच्या वाड्याच्या दारावरची गणेशपट्टी. लांबी ७२० मिलिमीटर, उंची १८०. अस्सल जुनं सागवान, मधोमध गणपती आणि दोन्ही बाजूंना वेल. डावा कोपरा वाळवीनं पोखरलेला, बोट लावलं की भुगा हाताला येत होता. वाडा उतरवायचं ठरलं होतं आणि नव्या घराच्या दारावर त्यांना हीच पट्टी हवी होती. वास्तुशांत पाच दिवसांवर आलेली.

पुण्याच्या एका मुलाकडून त्यांनी थ्रीडी स्कॅन करून आणलं होतं. उजवीकडचा वेल उलटा फिरवून त्यानं डावीकडे बसवला होता. काम चोख होतं. फाइल एसटीएलची, म्हणजे सगळा आकार त्रिकोणांच्या जाळीत पकडलेला. त्रिकोण ४० लाख. एका त्रिकोणाला ५० बाइट लागतात, तेव्हा फाइल २०० एमबीची झाली. कुपवाडच्या आमच्या शेडमध्ये राउटरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कोरीव कामाच्या मशीनवर, रोज दारांची नक्षी निघते, पण इतकी बारीक जाळी मी तोवर लावली नव्हती.

आधी मी आमचं नेहमीचं कॅम सॉफ्टवेअर उघडलं, मशीननं कसं कापायचं ते ठरवणारं. जिग आणि फिक्श्चर, म्हणजे काम धरून ठेवायचे साचे, त्यावरच होतात. त्याला भरीव मॉडेल लागतं, म्हणून जाळीचं भरीव मॉडेल करायला दिलं. तासाभरानं स्क्रीन पांढरी पडली ती पडलीच. भोकं, खाचा, सपाट पृष्ठं यांसाठी बनवलेल्या साधनाला मी ४० लाख तोंडांचा ठोकळा समजून घ्यायला लावत होतो.

मग रिलीफचं, म्हणजे उठावाच्या नक्षीचं, सॉफ्टवेअर. आमच्या पिढीचे नक्षीवाले आर्टकॅमवर शिकले. ऑटोडेस्कनं २०१८ साली ते बंद केल्यावर बरेच जण ॲस्पायरकडे किंवा तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेले. यांची रीत अशी, की वरून खाली बघायचं आणि प्रत्येक ठिपक्याला एकच उंची द्यायची. गणितं त्यामुळे भराभर होतात आणि नव्वद टक्के दारांना ते पुरतं, हे मी आजही सांगेन. फाइल मिनिटभरात आत आली. मी सागाच्या एका तुकड्यावर फक्त गणपतीचं तोंड काढलं, ६० बाय ६०. काका तिथंच स्टुलावर बसले होते.

त्यांनी तुकडा हातात घेतला, सोंडेवरून अंगठा फिरवला. मग जुन्या पट्टीवरून फिरवला. "नाही हो," ते म्हणाले. "हा घासलेला वाटतो. आमच्या गणपतीला पटाशी लागलेली कळते."

मी भिंग लावून बघितलं. जुन्या सोंडेवर मिलिमीटरभर रुंदीचे, एकाशेजारी एक बसलेले पटाशीचे वार होते. कुणा सुतारानं सोंडेच्या वळणाबरोबर हात फिरवत नेला होता, ते स्वच्छ दिसत होतं. माझ्या तुकड्यावर त्यातलं काही नव्हतं. डोळासुद्धा नुसता फुगवटा.

कारण सापडायला अर्धा तास गेला. सवयीनं मी जॉबचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कामाच्या जागेचा, आकार मशीनच्या पूर्ण बेडएवढा ठेवला होता, १२२० बाय २४४०. रिलीफचे ठिपके जॉबभर सारखे पसरतात. दहा लाख ठिपके तेवढ्या जागेत वाटले की दोन ठिपक्यांत पावणेदोन मिलिमीटरचं अंतर पडतं. मिलिमीटरभराचा वार त्यात राहणार कसा? जॉब पट्टीएवढा केला तेव्हा अंतर ०.३६ वर आलं. पुष्कळ सुधारलं, डोळा उघडला. पण पटाशीचा एक वार तरीही जेमतेम तीन ठिपक्यांत पकडला जात होता. ठिपके वाढवत नेले तसा आमचा जुना कॉम्प्युटर बसायला लागला.

दुपारी मी डेस्कप्रोटो नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. ते नेदरलँड्सचं आहे आणि एसटीएलच्या त्रिकोणांवरूनच टूलपाथ, म्हणजे टूलनं चालायची वाट, काढतं. भरीव मॉडेल नको.

त्याआधी मेशलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जाळी हलकी केली, म्हणजे त्रिकोण कमी केले. इथं जपावं लागतं. सपाट जागेतले त्रिकोण गेले तरी बिघडत नाही, वळणावरचे गेले की नक्षी बोथट होते. शिवाय स्कॅनरचा खरखरीतपणा आणि पटाशीचा वार स्क्रीनवर सारखेच दिसतात. मी जुनी पट्टी मांडीवर घेऊन एकेक जागा ताडून पाहिली. जे बोटाला लागत होतं ते ठेवलं, जे फक्त स्क्रीनवर होतं ते पुसलं. ४० लाखांचे ९ लाख झाले.

दुसरा तुकडा निघाला तेव्हा काका काही बोलले नाहीत. अंगठा मात्र सोंडेवरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.

पूर्ण पट्टी दुसऱ्या दिवशी मशीनवर लावली. ६ मिलिमीटरच्या बॉलनोजनं, म्हणजे गोल टोकाच्या टूलनं, रफिंग म्हणजे ढोबळ कापणी, मग १ मिलिमीटर टोकाचा निमुळता टेपर बॉलनोज, स्टेपओव्हर म्हणजे दोन ओळींमधलं अंतर ०.१५. दोन ओळींमधला उंचवटा त्यामुळे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी राहतो, पॉलिश पेपर लावावाच लागत नाही. या कामाला पेपर लावला असता तर पटाशीचे वार पुन्हा गेले असते. ओळी १,२००, एकूण चाल ८६४ मीटर. मिनिटाला २,४०० मिलिमीटरच्या फीडनं, म्हणजे टूलच्या चालीच्या वेगानं, हिशोबात सहा तास बसत होते, लागले साडेआठ. बारीक जाळीत टूल क्षणोक्षणी वरखाली होतं आणि मशीन पूर्ण वेग कधी पकडतच नाही. मी रात्रभर शेडमध्येच होतो.

एक जागा तरीही राहिली. सोंड पोटावर वळते तिथं खालून आत गेलेली खाच आहे. तीन अक्षांचं राउटर फक्त वरून बघतं, तिथं टूल पोचूच शकत नाही, सॉफ्टवेअर कुठलंही घ्या. सकाळी मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी जुनी पट्टी उजेडात तिरपी धरून ती खाच बराच वेळ पाहिली, पिशवीतून सगळ्यात अरुंद पटाशी काढली आणि मला म्हणाले, "दादा, तेवढं मशीन बंद करा. आवाजात हात लागत नाही."

टूल फिरवणारा स्पिंडल बंद केला. काका स्टूल ओढून जवळ येऊन बसले.