फिलाडेल्फियातली आयरिश वाट

बाबांनी पुण्यात छत्तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले. या उन्हाळ्यात ते न्यू जर्सीला आमच्याकडे आले, तेव्हा त्यांना फिलाडेल्फियाला न्यायचं ठरवलं, पण नुसती लिबर्टी बेल बघायला नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी आयर्लंडहून आलेल्या माणसांनी जे केलं, त्याच्या खुणा एका दिवसात पायी बघता येतात. सगळं मिळून जेमतेम तीन किलोमीटर चालणं आहे.

एडिसनहून ट्रेंटन, तिथं गाडी बदलून सेप्टानं, म्हणजे फिलाडेल्फियाच्या स्थानिक रेल्वेनं, जेफरसन स्टेशन. तिकिटं दोन वेगळी काढावी लागतात आणि ट्रेंटनची जोडगाडी चुकली तर बराच वेळ बसून राहावं लागतं, म्हणून वेळापत्रक आधी बघा. स्वातंत्र्याचा जाहीरनामा जिथे मंजूर झाला त्या इंडिपेंडन्स हॉलला आत जायला वर्षातला बराच काळ ठरावीक वेळेचं तिकीट लागतं. ते घरूनच काढा. सकाळची पहिली वेळ मिळाली तर उत्तम.

जाहीरनाम्यावरच्या 56 सह्यांपैकी तीन आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या आहेत: जेम्स स्मिथ, जॉर्ज टेलर आणि मॅथ्यू थॉर्नटन. टेलर तर बांधील मजूर म्हणून आला होता. पण मला जास्त जवळचा वाटतो तो चार्ल्स थॉमसन. दहा वर्षांचा असताना आयर्लंडहून इकडे येताना वाटेत जहाजावरच त्याचे वडील वारले. पोरका होऊन उतरलेला हा मुलगा पुढे 1774 पासून 1789 पर्यंत काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधी सभेचा, सचिव होता.

हॉलच्या मागच्या चौकात जॉन बॅरीचा पुतळा आहे, 1907 सालचा. पुढच्या बाजूला रांगा लागतात. इथे फारसं कुणी येत नाही, याचं मला वाईट वाटलं. आयर्लंडमधल्या वेक्सफर्डचा हा दर्यावर्दी अमेरिकेच्या आरमारात कप्तान होता. तो 1781 च्या मे महिन्यात दोन ब्रिटिश जहाजांशी लढताना जबर जखमी झाला. निशाण उतरवू का, असं विचारायला आलेल्या अधिकाऱ्याला त्याने साफ नकार दिला, आणि शेवटी ती दोन्ही जहाजं शरण आली.

तिथून मार्केट स्ट्रीटवर, तिसऱ्या आणि चौथ्या रस्त्याच्या मधे, फ्रँकलिन कोर्टचा छापखाना आहे. प्रवेश फुकट. जुन्या पद्धतीच्या लाकडी यंत्रावर एकेक कागद छापून दाखवतात. कधी उघडा असतो ते राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून जा. मी बाबांना सांगितलं, 4 जुलै 1776 च्या रात्री याच रस्त्यावर जॉन डनलॅप नावाच्या माणसाने स्वातंत्र्याचा जाहीरनामा छापला. तो आयर्लंडमधल्या टायरोन परगण्यातल्या स्ट्रॅबेनचा, लहानपणी काकाकडे छपाई शिकायला आलेला. त्या कागदावर काँग्रेसच्या वतीने नावं दोनच होती, जॉन हॅनकॉक आणि चार्ल्स थॉमसन. सुमारे 200 प्रती निघाल्या असाव्यात, त्यातल्या 26 आज ठाऊक आहेत.

बाबा खिळ्यांच्या पेटीजवळून हलेनात. मग हळूच म्हणाले, “एका रात्रीत? हाताने? म्हणजे प्रुफं तपासायला किती वेळ मिळाला असेल, बघ.” अर्धा तास आम्ही तिथेच होतो. तुम्हीही घाई करू नका.

शेवटी चौथ्या रस्त्याने दक्षिणेला, ओल्ड सेंट मेरीज चर्च. 1763 सालचं. बॅरीची कबर मागच्या अंगणात आहे. वॉशिंग्टनच्या घोडदळातला कॉर्कचा स्टीफन मॉयलनही इथेच विसावला आहे. अंगण उघडं असेल का, हे आधी फोन करून विचारा. आम्ही रविवारच्या प्रार्थनेनंतर गेलो.

नदीकाठचं मोठं आयरिश स्मारक पुढच्या शतकातल्या दुष्काळाचं आहे. ते वेगळ्या दिवशी बघा, इथे मिसळू नका. जेवायला स्टेशनजवळचं रीडिंग टर्मिनल मार्केट बरं, शाकाहारीही मिळतं. उन्हाळ्यात पाण्याची बाटली हवीच.

आणि पुठ्ठ्याची नळी न्या. छापखान्यात जाहीरनाम्याची प्रत विकत मिळते. आमच्याकडे नळी नव्हती. बाबांनी तो कागद एडिसनपर्यंत मांडीवर सपाट धरून आणला.