मामांचा पेला

मी लातूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. बायोप्सीचे तुकडे मेणात बसवायचे, त्यांचे काप काढायचे, रंगवून काचपट्टी डॉक्टरांपुढं ठेवायची, हे माझं काम. रिपोर्ट न्यायला आलेली माणसं मला हळूच बाजूला घेऊन विचारतात, "ताई, आतड्याचा कॅन्सर व्हायरसनं होतो म्हणं. मग घरात दुसऱ्याला लागंल का?"

तीन वर्षांपूर्वी येळवशीला, म्हणजे शेतात पंगत बसवायच्या आमच्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणाला, हाच प्रश्न मी मामांच्या शेतात बघितला. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचं त्यांचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, पोटावर पिशवी होती. कोपीपुढं पंगत बसली. भज्जी, उंडे, आंबील. मामा बांधाकडं एकटे. त्यांच्या स्टीलच्या पेल्याच्या कडेला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, तो दुसऱ्यांच्या पेल्यांत मिसळू नये म्हणून. आतड्याच्या कॅन्सरमागं विषाणू असल्याची मोबाइलवर आलेली बातमी कुणीतरी घरात वाचून दाखवली होती, तेव्हापासून हे सुरू झालं. मी मामांजवळ जाऊन बसले आणि त्याच पेल्यातली आंबील प्याले. मामी रडायला लागली. तिच्या मनात दुष्टावा नव्हता, घरात दोन लहान नातवंडं होती.

त्या दिवशी मामीला जे सांगितलं तेच तुम्हाला सांगते.

बातमी अगदीच खोटी नव्हती. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींसंदर्भात दोन विषाणूंची नावं पुन्हा पुन्हा येतात. एक सायटोमेगॅलोव्हायरस. तो बहुधा लहानपणीच लाळेतून, आईच्या दुधातून येतो आणि जन्मभर मुक्कामाला राहतो. आपल्याकडं बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो आहे. दुसरा जेसी, १९७१ मध्ये ज्या रुग्णाच्या मेंदूतून तो वेगळा काढला, त्याची ती आद्याक्षरं. तोही असाच, निम्म्याहून अधिक लोकांत गुपचूप पडून असतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मोठ्या आतड्याच्या गाठींत आणि पॉलिपमध्ये (आतड्याच्या आतल्या अस्तरावर उगवणाऱ्या मांसल कोंबात) सायटोमेगॅलोव्हायरसच्या खुणा सापडल्याचं मांडलं. पुढं दुसऱ्या लॅबनी शोधलं, काहींना मिळाल्या, काहींना नाही. जेसीचंही तेच. त्याचं एक प्रथिन पेशीची वाढ आवरणाऱ्या पी५३ ला जखडतं, म्हणून संशयाला जागा आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्याला २बी गटात ठेवलं. म्हणजे शक्यता आहे, पुरावा पुरेसा नाही.

सायटोमेगॅलोव्हायरसची करणी मी मायक्रोस्कोपखाली बघितलेली आहे. प्रतिकारशक्ती ढासळलेल्या माणसाच्या आतड्याला तो सूज आणतो तेव्हा पेशी फुगते, मधोमध गडद ठिपका आणि भोवती फिकट कडं, हुबेहूब घुबडाचा डोळा. एकदा बघितला की विसरत नाही. कॅन्सरच्या गाठींत संशोधकांच्या हाती लागला तो फार बारीक चाचण्यांनी मिळालेला अंश. गाठीला सूज असते, तिथं रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि हा विषाणू त्यांच्यातल्याच काही पेशींत लपून राहतो. मग तो गाठ करायला आला होता, की गाठ झाल्यावर त्यांच्याबरोबर आला? आठवडी बाजारात खिसा कापला गेला आणि तिथं गावातला दुकानदार दिसला, तर तो दर आठवड्याला तिथं असतोच.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू मात्र पुराव्यानिशी सापडला. १९८३ मध्ये हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटानं एचपीव्ही १६ त्या गाठींत दाखवला. नंतर जवळजवळ प्रत्येक गाठीत एचपीव्ही मिळाला, लस निघाली, लस घेतलेल्या मुलींत तो कॅन्सर घटला. त्सूर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. मोठ्या आतड्याच्या बाबतीत इतकं काहीच झालेलं नाही. (गुदद्वाराच्या कॅन्सरला बहुतेक वेळा एचपीव्हीच कारण असतो, पण तो आजार वेगळा. त्याच्या रिपोर्टवर बहुधा 'स्क्वॅमस' लिहिलेलं असतं, आतड्याच्या रिपोर्टवर 'अॅडिनोकार्सिनोमा'. जागा शेजारी शेजारी, म्हणून गोंधळ होतो.)

आणि उद्या सिद्ध झालं तरी ताट वेगळं करायचं कारण नाही. गाठीतल्या पेशी उष्ट्यातून दुसऱ्याच्या अंगात रुजत नाहीत. विषाणू म्हणाल, तर तो मामीच्या अंगात लग्नाआधीपासून असणार.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. मामांना अकरा महिने शौचातून रक्त जात होतं. सगळ्यांनी मूळव्याध ठरवली. तालुक्याच्या गावी एकानं पुड्या दिल्या, दुसऱ्यानं मलम दिलं, हातमोजा घालून बोटानं तपासणी कुणीच केली नाही. मिनिटाचं काम आहे. इतक्या खालची गाठ बरेचदा बोटालाच लागते. पॉलिपपासून कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं जातात, पॉलिप वेळेत दिसला तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतो. आमची ती वेळ पुड्यांत गेली. तुम्हाला रक्त दिसलं, शौचाची सवय बदलून महिना झाला, वजन उतरलं, किंवा पुरुषाचं हिमोग्लोबिन विनाकारण खाली आलं, तर मूळव्याध म्हणून घरी बसू नका. रक्त लाजेनं लपवू नका, आणि तपासल्याशिवाय औषध देणाऱ्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नका.

मामा बरे आहेत. वडिलांना हा कॅन्सर झाला असेल तर मुलांनी चाळिशीतच कोलोनोस्कोपी, म्हणजे आतड्याची दुर्बिणीनं तपासणी, करून घ्यायची असते, हे मी मामेभावाच्या मागं लागून सांगितलं. यंदा त्याला चाळीस पूर्ण झाली, पुढच्या सोमवारची तारीख मिळाली आहे. काल मामीचा फोन आला होता, आदल्या दिवशी त्याला भगर दिली तर चालेल का विचारायला. नाही चालणार, म्हटलं, नारळपाणी दे.