आमची वाटचाल : सांगलीतलं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान

२००३ ला गावभागात पत्र्याची शेड घेऊन मी आणि मावसभावानं दुकान टाकलं. भांडवल म्हणजे एक बॅटरी चार्जर, बॅटरीचं पाणी तपासायचा हायड्रोमीटर, पक्कड-पान्हे आणि करंट येतो का ते बघायला घरी केलेला टेस्ट लॅम्प : इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, दोन लांब वायरी, टोकाला क्लिपा. तो लॅम्प अजून चालूय, होल्डर तेवढा तीनदा बदलला. पुढं व्होल्ट मोजायचा मीटर आला, वायरीभोवती अडकवून करंट मोजायचा क्लॅम्प मीटर आला, पोरं कामाला लागली, २०१९ पर्यंत धंदा बरा चालला.

मग ऑगस्टचा पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं आणि आमची शेड छपरापर्यंत पाण्यात. उधारीवर भरलेल्या सतरा बॅटऱ्या गेल्या, चार्जर गेला. पाणी ओसरल्यावर गावभर बंद गाड्या उभ्या आणि आमच्या हातात लॅम्प आणि मीटर सोडले तर अवजार नाही. तेवढ्यात मावसभाऊ नाक्यावरच्या स्कॅनरवाल्या (गाडीला जोडून बिघाड दाखवणारं मशीन) गॅरेजला जाऊन बसला, जाताना क्लॅम्प मीटरपण घेऊन गेला. वर तिथून गावभर सांगणं सुरू, की हा बल्ब लावून ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, उडवतो म्हणून. अरे, सेन्सरच्या आणि एअरबॅगच्या वायरीला मी लॅम्प जन्मात लावलेला नाही, ते मीटरचंच काम! पण गिऱ्हाईक तुटायचं ते तुटलं. दिवाळीला दुकान बंद करून कुठं ड्रायव्हरकी बघावी इथपर्यंत आलं होतं.

तारलं ते हळदीवाल्या काकांनी. त्यांची गाडी खड्ड्यात आदळली की सगळा करंट गायब, डॅशबोर्डचे दिवे नाहीत, हॉर्न नाही, सेल्फ नुसता टक् करायचा, आणि पाच मिनिटांनी आपोआप चालू. नाक्यावर बॅटरी बदलली, बॅटरी चार्ज करणारा डायनामो बदलला, स्कॅनरला तर काहीच दिसेना. काका म्हणाले, "तू बघ बाबा, आता तुझाच भरवसा."

बॅटरीवर मीटर १२.६ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे बॅटरी झकास. हेडलाईट लावून लॅम्पची एक क्लिप प्लसला, दुसरी बॅटरीच्या मायनसला, तर बल्ब लख्ख. तीच क्लिप बॉडीला लावली तर काजव्यासारखा. मग मीटर मायनस आणि बॉडीच्या मधे लावला, तिथं पाव व्होल्ट पण नको, तर ४ व्होल्ट! म्हणजे गडबड अर्थच्या वायरीत, बॅटरीचा मायनस बॉडीला जोडते ती. वरून एकदम नवी. लगच्या (वायरीच्या टोकाची धातूची पट्टी) मागं चार बोटं रबर कापलं तर आत हिरवी भुकटी, तारा मोजून तीन-चार शिल्लक. पुराचं पाणी आत चढलेलं. वायर आणि लग धरून साडेतीनशे रुपये बिल झालं, काकांनी हजार दिले आणि मार्केट यार्डातल्या निम्म्या गाड्या माझ्याकडं पाठवल्या.

म्हणून सांगतो, करंट गेला की आधी बॅटरी बदलायला पळू नका, अर्थ बघा. फ्यूज उडाला तर मोठा घालू नका, वायर जळते. टर्मिनल ढिलं असेल तर चंदेरी कागद खुपसू नका, नवं टर्मिनल घ्या. बॅटरी काढताना मायनस आधी, लावताना मायनस शेवटी. आणि पुरातली गाडी असेल तर सेल्फ मारायचाच नाही, आधी मायनस काढून ठेवा आणि वायरमनला बोलवा.

काकांची गाडी अजून येते, आता त्यांचा मुलगा घेऊन येतो. कापलेली वायर काउंटरच्या खणात आहे, कुणी मागितली की दाखवतो. मावसभाऊ लग्नकार्यात भेटतो, हसतो, बोलतो. क्लॅम्प मीटर काही परत आलेला नाही.