हिंदुस्थानचा हिशेब कानांनी वाचणारा खासदार

माझे नोकरीतले आयुष्य हिशेब तपासण्यात गेले. त्यामुळे कोणताही खर्च दिसला की तो नेमका कोणाच्या नावे टाकला आहे, हे आधी पाहण्याची सवय अजून सुटलेली नाही. हेन्री फॉसेट या इंग्रज खासदाराविषयी मला इतकी आपुलकी वाटते, त्याचे मूळ याच सवयीत आहे. हिंदुस्थानच्या नावे टाकलेल्या खर्चाबद्दल ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्यांनी वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारला, आणि तोही समोरचा आकडा डोळ्यांना दिसत नसताना.

फॉसेट यांचा जन्म 1833 साली सॅलिसबरी येथे झाला. केंब्रिजला गणितात त्यांनी 1856 साली सातवा क्रमांक मिळवला. वकिली करावी आणि तिथून पार्लमेंटमध्ये जावे, असा त्यांचा विचार होता. 17 सप्टेंबर 1858 रोजी ते वडिलांबरोबर सॅलिसबरीजवळच्या हार्नम टेकडीवर तित्तिरांच्या शिकारीला गेले. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता. मुलगा पुढे गेला आहे हे त्यांच्या ध्यानात आले नाही आणि त्यांनी पक्ष्यावर बंदूक झाडली. बहुतेक छर्रे छातीवरच्या कपड्यांत अडकले, पण दोन छर्रे चष्म्याच्या काचा भेदून दोन्ही डोळ्यांत गेले. पंचविसाव्या वर्षी कायमचा अंधार झाला. या अपघाताने आपल्या आयुष्याचा बेत बदलायचा नाही, असे त्यांनी दहा मिनिटांतच ठरवले होते. वडील मात्र दुःखाने पार खचून गेले, आणि त्यांना धीर यावा म्हणून मुलानेच हसतमुख राहायचे, असा उलटा क्रम त्या घरात सुरू झाला. मला त्यांच्या साऱ्या कर्तबगारीत हा भाग सर्वांत मोठा वाटतो.

पुढे ते चालत, घोड्यावर बसत, बर्फावर स्केटिंग करत, मासे पकडत. 1863 साली त्यांचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी ते केंब्रिजमध्ये त्या विषयाचे प्राध्यापक झाले. दोन-तीन निवडणुकांत हार पत्करल्यावर 1865 साली ब्रायटनमधून ते उदारमतवादी पक्षाचे खासदार म्हणून निवडून आले. 1867 साली त्यांनी मिलिसेंट गॅरेट यांच्याशी विवाह केला. स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत मिलिसेंट यांचे नाव पुढे पतीपेक्षाही मोठे झाले.

त्याच वर्षी तुर्कस्तानचा सुलतान लंडनला आला. इंडिया ऑफिसात, म्हणजे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या तिथल्या सरकारी कचेरीत, त्याच्यासाठी थाटाचा नृत्यसमारंभ झाला आणि त्याचा खर्च हिंदुस्थानच्या महसुलावर टाकण्यात आला. मेजवानी लंडनमध्ये, पाहुणा तुर्कस्तानचा, आणि पैसे भरायचे ते शेतसारा आणि मिठावरचा कर देणाऱ्या हिंदुस्थानच्या रयतेने. फॉसेट यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. हिंदुस्थानच्या अंदाजपत्रकाची चर्चा त्या काळी अधिवेशनाच्या अगदी अखेरीस, जवळजवळ रिकाम्या बाकांपुढे उरकली जाई. फॉसेट मात्र दुसऱ्याकडून आकडे वाचून घेत, ते स्मरणात साठवत आणि सभागृहात एकही कागद हाती न घेता मांडत. हिशेबाची कागदपत्रे नुसती चाळतानाही किती चुका होतात हे मी जाणतो, म्हणून या स्मरणशक्तीपुढे मी नतमस्तक होतो.

हिंदुस्थानच्या अर्थव्यवहाराच्या चौकशीसाठी 1871 साली पार्लमेंटची समिती नेमली गेली, त्यामागे त्यांचा आग्रह मोठा होता. आपल्या मुंबईचे, एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले आणि तिथेच शिकवलेले दादाभाई नौरोजी यांनी याच समितीपुढे 1873 साली साक्ष दिली. फॉसेट यांना लोक ‘हिंदुस्थानचे खासदार’ म्हणू लागले. 1874 साली ब्रायटनमध्ये ते पडले, तेव्हा त्यांच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी गोळा झाली आणि त्याच वर्षी हॅकनीमधून ते पुन्हा सभागृहात आले. ज्यांना पार्लमेंटसाठी मत देण्याचा हक्क नव्हता, त्यांनी दूर समुद्रापलीकडच्या उमेदवारासाठी पैसे पाठवावेत, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. 1878 सालच्या अफगाण युद्धाचा भार हिंदुस्थानावर टाकण्यालाही त्यांनी विरोध केला. यांतले बरेचसे खर्च अखेर आपल्याच माथी बसले, हे खरे आहे. पण ते निमूटपणे बसले नाहीत.

1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी त्यांना टपाल खात्याचे प्रमुख नेमले. पार्सलची टपालसेवा 1 ऑगस्ट 1883 रोजी सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. मला मात्र त्यांची एक लहानशी योजना अधिक आवडते. टपालाच्या बचत बँकेत एका वेळी किमान एक शिलिंग भरावा लागे, आणि मजुराच्या हातात एवढी रक्कम एकदम शिल्लक राहत नसे. फॉसेट यांनी टपाल कचेऱ्यांतून बारा घरांचा छापील कागद फुकट द्यायला लावला. जमेल तेव्हा एक पेनीचे तिकीट घ्यायचे आणि एका घरात चिकटवायचे. बारा घरे भरली की तो कागद एक शिलिंग म्हणून खात्यात जमा व्हायचा. टपाल कचेरीच्या खिडकीशी उभे राहून नाणी मोजणाऱ्या माणसाची अडचण ज्याला कळली, त्यालाच असा कागद सुचतो.

या खात्यात स्त्रियांना अधिक नोकऱ्या मिळाव्यात म्हणूनही ते झटले. 1884 साली मताधिकाराच्या विधेयकात स्त्रियांचा समावेश करण्याची सूचना आली. ती हाणून पाडण्याचा सरकारचा आग्रह होता, तरीही मंत्री असलेल्या फॉसेट यांनी सरकारच्या बाजूने मत दिले नाही. पद जाण्याची वेळ आली होती. पद राहिले, पण त्याच वर्षी 6 नोव्हेंबरला केंब्रिज येथे, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

दोन वर्षांनी लंडनमध्ये थेम्सच्या काठावरील बागेत त्यांच्या स्मरणार्थ पिण्याच्या पाण्याचे कारंजे उभारले गेले. ते आपल्या कृतज्ञ देशभगिनींनी उभारले आहे, असे त्यावर कोरलेले आहे.